थायरॉइडची ७५ची गोळी आणि एक व्हायरल ताप: तीन महिन्यांच्या नोंदी

आधी माझा बेस सांगतो म्हणजे पुढचे आकडे कळतील. पुरुष, वय ४३, हाशिमोटो, म्हणजे शरीर स्वतःच्याच थायरॉइडला हळूहळू खातं तो प्रकार. सहा वर्षं गोळी चालू, लेव्होथायरॉक्सिन ७५ मायक्रोग्रॅम, सकाळी उपाशीपोटी. आजारी पडायच्या चार महिने आधी टीएसएच २.१ होता (मेंदूकडून थायरॉइडला जाणारा हुकूम; थायरॉइड कमी पडला की हा आकडा वाढतो, जास्त झाला की उतरतो). विश्रांतीतला पल्स ६४ ते ६६. अंगाचं टेम्परेचर माझं एरवीच कमी असतं, ९७.२ च्या आसपास. हे सगळं वहीत लिहिलेलं होतं म्हणून बरं, नाहीतर पुढे तुलना कशाशी करणार होतो काय माहीत.

हे डॉक्टरी ज्ञान नाही. मी काय काय माती खाल्ली आणि ती कशी निस्तरली एवढंच आहे.

३ जानेवारी (दिवस १)

दुपारपासून अंग मोडून आलं, संध्याकाळी १०१.४. टेस्ट केली, इन्फ्लुएन्झा. सकाळची गोळी वेळेवर झालेली. खरं तर सकाळीच ९९ दाखवत होतं आणि मी म्हटलं ९९ म्हणजे काही ताप नाही. पण ज्याचं नॉर्मलच ९७.२ आहे त्याला ९९ म्हणजे जवळजवळ दोन डिग्री वर, हे डोक्यातच आलं नाही. अर्धा दिवस काम करत बसलो. पॅरासिटामॉल घेऊन झोपलो.

५ जानेवारी (दिवस ३)

१०२. काही लिहायची ताकद नाही. एक उलटी.

७ जानेवारी (दिवस ५)

ताप १०० वर आला. आज पहिल्यांदा उठून बसलो आणि थायरॉइडची स्ट्रिप हातात घेतली तर हिशोब जुळेना. मी स्ट्रिपच्या मागे पेनाने वार लिहून ठेवतो, तर सोमवार-मंगळवार-बुधवारचे तीन फुगे तसेच्या तसे, चांदी फाटलेलीच नाही. म्हणजे तापाचे ऐन तीन दिवस गोळी घेतलीच नाही आणि मला शपथेवर वाटत होतं की घेतली. कारण सरळ आहे, पहाटे पाचला कण्हत उठायचं, पॅरासिटामॉल घ्यायची, परत झोपायचं, आणि डोक्यात 'सकाळची गोळी झाली' अशी नोंद व्हायची. गोळी झाली होती, फक्त चुकीची.

घाबरलो. तीनही एकदम घेऊन टाकाव्या का असं मनात आलं. बायको म्हणाली, "आधी डॉक्टरांना फोन कर, मग काय ते गिळ." फोन केला. डॉक्टर म्हणाले की हे औषध रक्तात अर्धं व्हायलाच साधारण सात दिवस लागतात, तीन दिवस गेले म्हणून काही आभाळ कोसळत नाही, उद्यापासून नेहमीची एक सुरू करा. एरवी एखादी चुकली तर भरून काढायचं ते वेगळं, पण आत्ता तापाने पल्स आधीच वर आहे, तेव्हा एकदम दोन-तीन अजिबात घ्यायच्या नाहीत.

आणि एक गोष्ट त्यांनी बायकोला मुद्दाम सांगितली, ती कागदावर लिहून फ्रिजवर लावली: ताप उतरताना टेम्परेचर ९५ च्या खाली जायला लागलं, पल्स फार मंद झाला, मी नीट उठेना, बरळायला लागलो किंवा श्वास जड झाला तर फोन करत बसायचं नाही, थेट हॉस्पिटल. थायरॉइड बराच काळ नीट कंट्रोलमध्ये नसेल आणि वर इन्फेक्शन झालं तर क्वचित असं होतं, आणि ते जिवावर बेततं. माझं तसं काही नव्हतं. पण घरात दुसऱ्या माणसाला हे माहीत पाहिजे, कारण बरळणाऱ्या माणसाला आपण बरळतोय हे कळत नसतं.

दुरुस्ती: सात खणांची गोळ्यांची डबी आणली. खण रिकामा म्हणजे घेतली, भरलेला म्हणजे नाही. सहा वर्षं मी ही डबी म्हाताऱ्यांची वस्तू समजत होतो.

१० जानेवारी (दिवस ८)

ताप गेला, अंगात जीव नाही. आता इथे दुसरी आणि सगळ्यात महागात पडलेली चूक, जी पुढे जवळजवळ तीन आठवडे मला चूक आहे हेच कळलं नाही.

ताकद यावी म्हणून मल्टिव्हिटॅमिन आणलं, त्यात लोह आणि झिंक. कॅल्शियमची १५ गोळ्यांची स्ट्रिप आणली. तापात रिकाम्या पोटी औषधं घेऊन जळजळ व्हायला लागली होती म्हणून अँटासिडचं पातळ औषध. हे सगळं एका ट्रेमध्ये पलंगाशेजारी, आणि डबीतली थायरॉइडची गोळी पण त्याच ट्रेमध्ये, म्हणजे विसरायला नको. सकाळी सहाला उठून पांढरी छोटी गोळी, तिच्यावर खडूसारखी मोठी कॅल्शियमची, मग मल्टिव्हिटॅमिन, वरून दोन चमचे अँटासिड, सगळं एका ग्लास पाण्यात खाली. काय शिस्त म्हणून स्वतःवर खूश.

सहा वर्षं गोळी घेणाऱ्या माणसाला हे माहीत नव्हतं का? होतं की. पहिल्या दिवशी सांगितलेलं की कॅल्शियम आणि लोह चार तास लांब. पण सहा वर्षांत कधी कॅल्शियम घेतलंच नव्हतं त्यामुळे तो नियम डोक्याच्या माळ्यावर पडलेला.

१५ जानेवारी (दिवस १३)

पाच दिवस ताप नाही तरी दुपारी दोनला कुणीतरी प्लग काढल्यासारखं होतं. थंडी वाजते, बद्धकोष्ठता, डोकं चालत नाही. ही तर सगळी थायरॉइडची लक्षणं. डॉक्टरांना न विचारता स्वतःच लॅबला फोन करून रक्त दिलं. मोठं पॅकेज घेतलं, टीएसएच, फ्री टी४ आणि फ्री टी३ (हे थायरॉइडचे प्रत्यक्ष हॉर्मोन, गोळीत असतो तो टी४), थायरॉइडवर हल्ला करणाऱ्या अँटीबॉडी पण. अँटीबॉडी कशाला? सहा वर्षांपूर्वी पॉझिटिव्ह आल्यात, त्या आता कमी आल्या काय न् जास्त काय, गोळी तीच. हा खर्च निव्वळ पाण्यात.

रक्त दिलं तेव्हा सकाळची गोळी घेऊन तीन तास झाले होते हेही लिहून ठेवतो. गोळीनंतर काही तास फ्री टी४ थोडा चढलेला दिसतो, म्हणून आधी रक्त मग गोळी असं करायचं असतं. तेही केलं नाही.

१६ जानेवारी (दिवस १४)

टीएसएच ९.८. फ्री टी४ रेंजमध्येच पण तळाला. टी३ रेंजच्या खाली, लाल अक्षरात.

झालं, माझी खात्री पटली. डॉक्टरांची अपॉइंटमेंट तीस तारखेची मिळत होती आणि मला काही दोन आठवडे थांबवेना. घरात २५ची एक स्ट्रिप पडलेली, मागे कधीतरी ७५ मिळत नव्हती तेव्हा ५० अधिक २५ असं घेतलं होतं त्यातली. ७५ अधिक २५ म्हणजे १००. स्वतःच स्वतःचा डॉक्टर. हे वाचून कुणी असं करू नका एवढंच म्हणतो, का ते पुढे येईलच.

२२ जानेवारी (दिवस २०)

फरक शून्य. उलट परवा बरं वाटलं म्हणून घर आवरायला घेतलं, तीन तास, आणि दुसऱ्या दिवशी आंघोळीला उठणं जड. १०० घेऊनही असं म्हणजे डोस अजून कमी पडतोय का असा विचार करतोय. ताईला फोन केला (तिलाही थायरॉइड आहे, आमच्याकडे घरात फिरतोय तो) तर ती म्हणाली, "अरे, त्या गोळीला कळायला सहा आठवडे लागतात, तुला सहा दिवसांत काय पाहिजे?" मला त्या वेळी राग आला होता. बरोबर होती.

२८ जानेवारी (दिवस २६)

रात्री दोनला जाग, छातीत धडधड, उशीवर कान टेकवला की ठोके ऐकू येतायत. सकाळी पडल्या पडल्या पल्स ८८. माझा ६५ असतो. हात पुढे धरून बोटांवर कागद ठेवला तर कागद थरथरतोय. म्हणजे गेल्या आठवड्यात डोस कमी पडतोय म्हणणारा मी आज डोस जास्त झाला म्हणतोय आणि मध्ये मी काहीच बदललेलं नाही.

निदान मला तसं वाटत होतं. बदललं होतं. २४ तारखेला कॅल्शियमची स्ट्रिप संपली होती, आणि जळजळ थांबली म्हणून अँटासिड पण त्याच सुमाराला बंद केलेलं. त्यावर नजरच गेली नाही.

३० जानेवारी (दिवस २८)

डॉक्टर. घरातली सगळी औषधं पिशवीत घालून नेली, ही एक गोष्ट शहाणपणाची केली. त्यांनी पिशवी टेबलावर पालथी केली, एकेक स्ट्रिप उलटून बघितली आणि २५ची हातात घेऊन विचारलं, "ही कुणी दिली?" मी म्हटलं घरात होती. "एक्सपायरी बघितलीत?" चार महिन्यांपूर्वी संपलेली. त्यामुळे मी १०० घेत होतो की ९० की आणखी काही, तेही अंदाजपंचे.

मग त्यांनी जे उलगडून सांगितलं ते माझ्या भाषेत:

चांगलं सणसणीत आजारपण आलं की शरीर स्वतःच थायरॉइडचा गिअर खाली टाकतं. टी४ चं टी३ बनवणं कमी करतं, म्हणून टी३ पडतो, टीएसएचही कधी खाली जातो. आणि बरं व्हायला लागलं की टीएसएच उलटा उसळी मारतो, काही आठवडे नॉर्मलच्या वर राहू शकतो, निरोगी थायरॉइडवाल्याचाही. हा थायरॉइडचा आजार नाही, आजारपणाची सावली आहे. मी नेमका त्या उसळीच्या वेळी रक्त दिलं. त्यात तीन दिवस गोळी चुकलेली, त्यात पाच दिवस कॅल्शियम आणि लोह आणि अँटासिडबरोबर घेतलेली, कारण ही मंडळी गोळीला पोटातच धरून ठेवतात आणि रक्तात जाऊ देत नाहीत. ९.८ मधलं कशाचं किती हे आता ब्रह्मदेव आला तरी सांगू शकणार नाही, असं ते म्हणाले. रक्तात दिसलेला आकडा खरा होता, फक्त त्यातून डोस कमी आहे हे सिद्ध होत नव्हतं.

धडधडीचं: कॅल्शियम चालू असताना १०० मधली काही गोळी वाया जात होती, कॅल्शियम संपलं आणि बरीचशी लागू व्हायला लागली, हे एक. फ्लूनंतर कित्येकांचा पल्स नुसताच काही आठवडे वर राहतो, हे दुसरं. महिनाभर पडून राहिल्याने शरीर सैल पडलंय, हे तिसरं. ईसीजी काढला, पल्स १०४ पण ठोके नियमित, बाकी ठीक. (दवाखान्यात जिना चढून गेलो होतो.) जास्त डोस दामटून घेत राहिलं तर ठोके अनियमित होऊ शकतात आणि पुढे हाडांवरही परिणाम होतो, हे त्यांनी जरा आवाज चढवून सांगितलं.

मानही दाबून बघितली. गिळताना दुखतं का, दुखणं जबड्यात नाहीतर कानात जातं का, मान हाताला लागते का. कारण व्हायरलनंतर थायरॉइडलाच सूज येण्याचा एक वेगळा प्रकार असतो, त्यात आधी हॉर्मोन गळून जास्तीची लक्षणं येतात आणि मग कमीची, आणि त्याचे उपचार वेगळे. माझी मान अजिबात दुखत नव्हती म्हणून ते तिथेच सोडलं. तापात स्टिरॉइड दिलं होतं का हेही विचारलं, कारण त्याने टीएसएच खाली दिसतो. नव्हतं.

निर्णय: परत ७५. फक्त ७५. कॅल्शियमची गरजच नव्हती, बंद. मल्टिव्हिटॅमिन रात्री. मी विचारलं आज परत रक्त देऊ का, तर म्हणाले आजचा आकडा तुम्ही केलेल्या गोंधळाचा आकडा असेल, सहा आठवडे काहीही न बदलता जाऊ द्या. १३ मार्च.

पिशवीतली अर्धी औषधं तिथेच राहिली.

३१ जानेवारी (दिवस २९)

नवीन मांडणी. थायरॉइडची डबी एकटी, पलंगाजवळ, पाण्याच्या बाटलीसोबत. साडेपाचचा अलार्म, गोळी, नुसतं पाणी. मग साडेसहापर्यंत चहा-कॉफी काही नाही. बाकी सगळ्या गोळ्या दुसऱ्या खोलीत, कपाटात, रात्रीच्या. मुद्दाम दोन खोल्या, कारण झोपेतल्या माणसाच्या अकलेवर माझा आता भरवसा नाही.

रात्री झोपताना गोळी घेतली तर चालते का हेही विचारलं होतं. चालते, शेवटचं खाल्ल्यावर तीनेक तास गेले पाहिजेत. आमच्याकडे रात्री पोट रिकामं असण्याची गॅरंटी नाही, सकाळच बरी.

८ फेब्रुवारी (दिवस ३७)

सकाळचा पल्स ७६. धडधड गेली, कागद थरथरत नाही. थकवा आहे तसाच.

वहीत आता रोज चारच गोष्टी लिहितो: उठल्यावरचा पल्स, काल काय केलं, आज कसं वाटतंय दहापैकी, गोळी किती वाजता. आधी मी लक्षणांची लांबलचक यादी लिहायचो आणि ती वाचूनच आजारी वाटायचं.

१४ फेब्रुवारी (दिवस ४३)

या वहीतून पहिल्यांदा काहीतरी हाती लागलं. थायरॉइडचा थकवा मला माहीत आहे, सहा वर्षांपूर्वी वर्षभर काढलाय. तो ओल्या घोंगडीसारखा असतो, रोज सारखाच, काही करा न करा. आत्ताचा तसा नाहीये. मंगळवारी बरं वाटलं म्हणून चार जिने चढलो, त्या दिवशी काही नाही, बुधवारी दुपारी आडवा झालो ते गुरुवार संध्याकाळपर्यंत. मागची पानं उलटली तर बावीस जानेवारीला पण तेच, परवा काम, काल झोपून. म्हणजे हा केलेल्या कामाच्या मागून चालत येणारा थकवा आहे आणि त्याला गोळी वाढवून काही होणार नाही. महिनाभर मी चुकीच्या माणसाला शिव्या घालत होतो.

उपाय कंटाळवाणा आहे. बरं वाटेल त्या दिवशी वाटतं त्याच्या निम्मंच करायचं. वीस मिनिटं काम, दहा मिनिटं आडवं, ते पण थकायच्या आधी. थकल्यावर आडवं होऊन उपयोग होत नाही, तोवर बिल फाटलेलं असतं. हे मला जमायला दहा दिवस लागले आणि त्यात दोनदा मोडलं.

२६ फेब्रुवारी (दिवस ५५)

पल्स ७०. निम्मा दिवस काम जमतंय. बुधवारच्या आडवं होण्याला दोन आठवडे झाले, पुन्हा नाही. डोस बदलायची खाज अजून येते, विशेषतः दुपारी.

५ मार्च (दिवस ६२)

केस. चार-पाच दिवस उशीवर दिसत होते, आज आंघोळीनंतर मोरीच्या जाळीवरून बोटाने उचलले तर चांगली गुंडाळी निघाली, छोट्या उंदराएवढी. ओले केस कपाळावरून मागे सारले की हाताला चिकटून येतायत. मुळाशी बारीक पांढरा ठिपका.

परत डोक्यात तेच, थायरॉइड. रिपोर्टला आठवडा आहे. ताईला फोन केला, तिने सांगितलं तिचे गळत होते तेव्हा तिने केसांच्या गोळ्या घेतल्या, बायोटिनच्या, खूप फरक पडला. व्हिटॅमिनच आहे, त्याने काय होतंय, म्हणून आणल्या. १० मिलिग्रॅमची रोज एक. कॅल्शियमचा धडा ताजा होता म्हणून एवढी अक्कल दाखवली की रात्री घ्यायला लागलो, थायरॉइडच्या गोळीपासून लांब. वाटलं, यावेळी सगळं बरोबर केलं.

१३ मार्च (दिवस ७०)

सहा आठवडे पूर्ण. सकाळी आठला उपाशी, गोळी न घेता रक्त दिलं, घरी येऊन मग गोळी. यावेळी फक्त टीएसएच आणि फ्री टी४. पल्स ६६.

१४ मार्च (दिवस ७१)

टीएसएच ०.०९. फ्री टी४ रेंजच्या वर.

मी खुर्चीत बसूनच राहिलो. ९.८ वरून ०.०९, तेही डोस कमी करून? या रिपोर्टप्रमाणे मला घाम फुटायला हवा, वजन उतरायला हवं, झोप उडायला हवी. प्रत्यक्षात पल्स ६६, हात स्थिर, रात्री आठ तास गाढ. जानेवारीतला मी असतो तर आज ५०ची स्ट्रिप शोधत बसलो असतो. डबीला हात लावला नाही, फोन लावला.

डॉक्टरांनी रिपोर्ट ऐकला, पल्स विचारला, मग सरळ विचारलं, "केसांसाठी वगैरे काही घेताय का?" मी गार. मी त्यांना केसांबद्दल एक शब्द बोललो नव्हतो.

तर भानगड अशी आहे की कित्येक लॅबच्या मशिनमधली हॉर्मोन मोजायची पद्धतच बायोटिनच्या चिकटपणावर चालते. रक्तात बाहेरून घेतलेलं भरपूर बायोटिन असलं की मशीन गंडतं, टीएसएच खोटा कमी दाखवतं आणि टी४ खोटा जास्त. शरीरात काही झालेलं नसतं. हुबेहूब हायपरथायरॉइडचा, म्हणजे थायरॉइड जास्त झाल्याचा रिपोर्ट तयार होतो, आणि त्यावरून कुणी डोस कमी केला की मग खरोखरचा गोंधळ सुरू. रोजच्या खाण्यातल्या बायोटिनने असं होत नाही, ते मायक्रोग्रॅममध्ये असतं. माझ्या गोळीत दहा हजार मायक्रोग्रॅम होतं. निदान दोन दिवस आधी बंद करायला सांगतात, मला त्यांनी आठवडाभर बंद करून परत यायला सांगितलं. थायरॉइडच्या गोळीपासून लांब घेतली होती याचा इथे काही उपयोग नाही, ते पोटातलं भांडण नाही, रक्तातलं आहे.

आणि केस? सव्वादोन महिन्यांपूर्वी १०२ ताप. जोराच्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी असे केस जातात, मुळं एकदम विश्रांतीत जातात आणि मग घोळक्याने गळतात, काही महिन्यांत आपोआप परत येतात. थायरॉइड इथेही निर्दोष.

ताईला सांगितलं तर ती गप्प झाली आणि मग म्हणाली, "म्हणजे माझा मागच्या वर्षी डोस कमी केला तो..." तिने दुसऱ्या दिवशी तिच्या डॉक्टरांची वेळ घेतली. ती तिची कथा.

२२ मार्च (दिवस ७९)

परत रक्त. तीच लॅब, तीच वेळ. लॅब आणि वेळ दोन्ही न बदलणं बरं, टीएसएच पहाटे जास्त असतो आणि दुपारी उतरतो, आणि दोन मशिनचे आकडे थोडे वेगळे येतात. आपल्याला तुलना आजाराशी करायची असते, मशिनशी नाही. फॉर्मवर कुणी विचारलं नाही तरी स्वतःहून लिहून दिलं: बायोटिन बंद करून आठ दिवस, गोळी घेतलेली नाही.

२३ मार्च (दिवस ८०)

टीएसएच २.६, फ्री टी४ रेंजच्या मधोमध. डोस ७५, तोच जो ३ जानेवारीला होता.

हिशोब: रक्त तीनदा दिलं, पैकी दोन वाया. एक ईसीजी. कामावरून १९ दिवस गैरहजर, त्यातले तापाचे सात. औषधांची एक पिशवी, बहुतेक टाकून दिली. डॉक्टर म्हणाले, ताप गेल्यावर एवढाच फोन केला असता की 'गोळ्या चुकल्या आणि थकवा आहे, काय करू', तर ते म्हणाले असते काही करू नका, सहा आठवड्यांनी रक्त द्या. मी विचारलं मग फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि बी१२ बघायचं का, थकवा अजून पूर्ण गेला नाही, तर त्याला मात्र हो म्हणाले, कारण हाशिमोटोवाल्यांत त्याची कमतरता बऱ्याचदा सापडते. २३ला संध्याकाळीच रक्त दिलं. म्हणजे चौथ्यांदा.

४ एप्रिल (दिवस ९२)

फेरिटिन खालच्या काठावर, बी१२ ठीक. लोहाची गोळी चालू केली, डॉक्टरांनी लिहून दिलेली. रात्रीची. दुसऱ्या खोलीतल्या कपाटात.

तीन जिने न थांबता चढलो, दुसऱ्या दिवशी काही नाही, तिसऱ्या दिवशी पण नाही. चौथा जिना ठेवून दिलाय. मोरीच्या जाळीवर आता मोजता येतील एवढे केस, आणि कपाळाच्या कडेला उभे राहणारे बारीक कोंब आलेत, बायको म्हणते आरशात बघत बसू नकोस. लोह सुरू केल्यामुळे पुढचा टीएसएच सहा आठवड्यांनी, १६ मे, सकाळी आठ, गोळीच्या आधी.